इर्जिकीचा बोजा

१

"साउनाच्या दाराला कुलूप लावायचं नसतं, पोरी. आणि आत बसून खोटं बोलायचं नसतं. भिंती लाकडाच्या असतात. लाकूड ऐकतं."

हा आवाज एइनो म्हाताऱ्याचा. जो प्रेबिल नावाच्या बाईच्या कानात तो लहानपणापासून मुरलेला. ती स्लोव्हेनियन खाणकामगाराची पोर. पण दर शनिवारी मैत्रिणीचं बोट धरून या फिनिश म्हाताऱ्याच्या साउनात, त्या लाकडी वाफघरात, वाफ घ्यायला जायची. म्हातारा तापल्या दगडांवर ओगराळ्यानं पाणी सोडायचा, फस्सकन वाफ उठायची, आणि त्या वाफेतून त्याचं घरगुती गाणं यायचं:

उघड्या दाराच्या घरी, चोर येईना गं बाई,
कुलपाच्या दारामागं, झोप कुणालाच नाही.

म्हातारा कधीच गेला. आवाज मात्र आज परत आला, कारण त्याची लेक, म्हणजे तीच मैत्रीण लेंपी कांगस, जोच्या स्वयंपाकघराच्या दारात बुटांचा बर्फसुद्धा न झटकता उभी होती. दोघींनी आता सत्तरी गाठली होती.

"जो, बाबांच्या साउनावर, म्हणजे आख्ख्या घरावरच, कुणीतरी बोजा चढवलाय."

"आधी आत ये. दार लाव, सगळ्या मिनेसोटाची थंडी घरात शिरतेय."

लेंपी बसली. कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलेना. जोनं उभी हयात डुलुथला घरांच्या मालकीचे कागद तपासण्यात घालवलेली. असले बोजे तिनं पोत्यानं पाहिले होते. सुतार असो, गवंडी असो, नाहीतर लाकूडवाला. त्याची मजुरी बुडाली की तो सरळ त्या घरावर बोजा नोंदवतो. घरमालकानं ठेकेदाराला सगळे पैसे दिलेले असले आणि ठेकेदारानं ते खाल्ले असले, तरी मान अडकते ती घराची. बोजा उतरेपर्यंत घर विकता येत नाही आणि त्याच्यावर कर्जही मिळत नाही. आणि बोजावाला कोर्टात गेला, तर घराचा लिलावसुद्धा होतो.

"कर्ज काढत होतीस ना?" जोनं विचारलं.

"वेस्लीसाठी. बोटींच्या इंजिनांचं दुकान वाढवायचंय माझ्या पोराला." लेंपी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बँक हो म्हणाली होती. म्हणून त्यानं माझ्या क्रेडिट कार्डांवर आधीच उचल केली. कर्ज आलं की फेडू म्हणाला. मग बँकेला हा बोजा दिसला, कर्ज अडलं, कार्डांचे हप्ते थकले. आता विमावालाही पत घसरली म्हणून जास्त पैसे मागतोय. माझी पत, जो! उभ्या जन्मात दुधाचं बिलसुद्धा थकवलं नाही मी."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"वेस्ली म्हणाला, जो मावशीकडे जा, तिला या कागदांतलं कळतं."

जोनं तिचा हात हलकेच बाजूला केला आणि कागद ओढला. साउनाची चिमणी आणि दगडी चूल बांधल्याची मजुरी: नऊ हजार डॉलर. कामाचा शेवटचा दिवस: जूनमधला चौथा शनिवार. खाली मागणाऱ्याचं नाव. नाव वाचून जोचा चष्मा नाकावरून घसरला.

गवंडी आर्विड निएमी. दर शनिवारी काखेत टॉवेल मारून लेंपीच्या साउनात येणारा, आणि वाफ झाल्यावर तिच्याच हातची कॉफी पिणारा आर्विड.

२

"त्याची सही नाही ही," लेंपी म्हणाली. "कुणीतरी त्याचं नाव वापरलंय."

"मग त्यालाच विचार ना! परवाच्या शनिवारी आला होता की नाही?"

"आला होता. कॉफी दिली. दोन कप प्याला."

"आणि?"

"आणि काय? तो बोलला नाही, मी विचारलं नाही."

"धन्य आहे तुम्हा फिनिश लोकांची!" जोनं कपाळावर हात मारला. "घराला आग लागली तरी शेजाऱ्याला उठवताना तुम्ही आधी हवापाण्याच्या गप्पा माराल."

लेंपीच्या ओठांवर हसू आलं, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. आर्विडनं ती चिमणी पैशासाठी बांधलीच नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात साउनाचं छप्पर अर्धं जळालं. छपराचं काम डेल हर्ली ठेकेदाराला दिलं. चिमणी मात्र आर्विडनं इर्जिकीत बांधली. फिनिश लोक तिला तालकोत म्हणतात: शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या कामाला हात लावायचा, मोबदल्यात पोटभर जेवायचं आणि पैशाचं नाव काढायचं नाही. इर्जिकीची मजुरी मागणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा होता.

जो पहिल्यांदा गाठायला गेली ती डेल हर्लीला. लाकडांच्या वखारीत तो फळ्या मोजत होता. तिला पाहताच उसळला.

"आलात का? या! सगळं गाव मला चोर म्हणतंय, तुम्हीच का मागे राहता? 'डेलनं गवंड्याचे पैसे गिळले!' कॉफीच्या दुकानात माझ्या टेबलावर कुणी बसेना झालंय."

"गिळलेत का?"

"बाई, मी त्याला पैसे देऊ केले होते. हसला माझ्या तोंडावर. म्हणाला, हे साउनाचं काम आहे, तुला नाही कळायचं, तू आयरिश आहेस." डेलनं पेन्सिल कानावर खोचली. "मी लबाड असेन थोडाफार, कोणता ठेकेदार नसतो? पण या बोज्यानं माझा काय फायदा? आणि त्या म्हाताऱ्याचा तरी काय? चढवून महिने झाले, एका डॉलरची मागणी नाही, वकिलाचं पत्र नाही. अहो, पैसे हवे असलेला माणूस दार ठोठावतो. हा नुसता वाटेत ओंडका टाकून बसलाय."

जो गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवेना. वाटेतला ओंडका. पैशासाठी नाही, तर मग वाट अडवण्यासाठी. पण ती वाट जात कुठे होती?

३

आर्विडनं धंदा सुनेच्या हाती दिला होता. सून ट्रेसी फ्रीजच्या शेजारी, पिठाच्या हातांनीच फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची. जो आली तेव्हा ती गोड पावाच्या कणकेची वेणी घालत होती. वेलदोड्याचा वास घरभर पसरलेला.

"मी नाही हो केलं," ट्रेसी पहिल्याच वाक्याला म्हणाली. "बाबांनीच बजावलं होतं, लेंपीचं बिल करशील तर याद राख. कुणी काही दिलं तर परत करायचं, मासा दिला तर खायचा."

"मग दिला कुणी?"

"लेंपीनं. भला मोठा पाइक. काटेच काटे." ट्रेसीनं हात पुसले. "पण एक सांगू, जो मावशी? थंडी पडायच्या सुमारास बाबा एकदा म्हणाले, कचेरीत सोड मला. मासेमारीचा परवाना काढायचाय. आणि अंगात काय, तर मयताला घालायचा काळा कोट! मी विचारलं, बाबा, मासा मेलाय का कुणी? तर काही बोलले नाहीत. परत येताना रस्ताभर गप्प. घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत."

बोजे नोंदवायची कचेरीही तीच. सही खरीच होती तर. जोनं नजर फिरवली, आणि ती फ्रीजवर चिकटवलेल्या एका फोटोवर थबकली. तळ्याकाठी होळीसारखी उंच आग, भोवती गाव, आणि आगीच्या पुढ्यात पांढराशुभ्र शर्ट घातलेला आर्विड, हातात पेटता पलिता. त्याच्या शेजारी तोंड उघडून हसणारी बाई म्हणजे खुद्द जो.

"हा कधीचा गं?"

"गेल्या युहान्नुसचा. तुम्ही दोघांनी पोल्का नाचून सगळ्यांना दमवलं होतं, आठवत नाही? बाबा सकाळपासून तळ्यावर लाकडं रचत होते. त्या दिवशी कुणी कामाला हात लावतं का?"

युहान्नुस, म्हणजे उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस. फिनिश माणूस त्या दिवशी खिळासुद्धा ठोकत नाही. तो साजरा होतो शनिवारी. आणि गेल्या वर्षी तो आला होता जूनच्या चौथ्या शनिवारी.

आर्विडनं शपथेवर लिहून दिलं होतं की त्या दिवशी तो लेंपीच्या चिमणीवर काम करत होता. तो दिवस निवडून निवडून त्यानं असा निवडला होता, की त्याचं खोटं सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

४

वेस्लीचं दुकान गावाबाहेर, पेट्रोल पंपापलीकडे. जो मावशीला पाहून तो धावतच बाहेर आला. चाळिशी ओलांडलेला, गोड बोलणारा, आईसारखे निळे डोळे.

"मावशी! सुटतंय का ते? किती दिवस लागतील?"

"अरे, बसू तर देशील?"

"बस ना, बस. कॉफी करू? कॉफी संपलीय वाटतं." तो हसला. "आर्विड काका म्हातारचळ लागल्यासारखा वागलाय बघ. आईला त्रास होतोय, म्हणून जीव तुटतो माझा. बोजा एकदा निघाला की सोमवारीच बँकेत जाऊ."

जोनं दुकानावरून नजर फिरवली. मांडण्या होत्या, इंजिनं नव्हती. भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या, पाना इथे, हातोडी तिथे. पण खाली खिळे रिकामे. जणू हत्यारं उडून गेली आणि त्यांच्या सावल्याच मागे राहिल्या.

"हत्यारं कुठायत रे?"

"विकली. नवी घ्यायचीत ना!"

तो वळला तेव्हा त्याच्या पट्ट्याला अडकवलेली एक दोरी हलली. टेलिफोनच्या वायरसारखी वळ्यावळ्यांची, लाल, तिच्या टोकाला प्लास्टिकचं कार्ड. अशी दोरी जोनं पाहिली होती. तळ्यापलीकडच्या कॅसिनोत बायाबापड्या तासन्‌तास जुगाराच्या मशिनींपुढे बसतात, कार्ड मशिनीत आणि दोरी कमरेला. दुरून वाटावं, माणसाची नाळ त्या मशिनीला जोडलीय.

"आर्विडला भेटला होतास का रे थंडीच्या आधी?"

वेस्लीचं हसू एका क्षणासाठी विझलं. "तिकडे... म्हणजे, तळ्यापलीकडच्या हॉटेलात शेकोटीची दगडी चूल बांधत होता तो. दिसला असेन मी कधी. का गं?"

"काही नाही," जो म्हणाली.

आणि गाडीत बसल्यावर तिला ते आठवलं, जे आठवू नये म्हणून गेले चार दिवस तिचं मन वेगळ्याच वाटांनी पळत होतं.

चर्चच्या तळघरातली कॉफी. याच हिवाळ्याची सुरुवात. आर्विड बशीतल्या वेलदोड्याच्या पावाचे नुसते तुकडे करत बसलेला, खात नव्हता. त्यानं विचारलं होतं, "जो, कुणाच्या घरावर बोजा चढला, तर त्या माणसाची पत जाते का गं?"

आणि ती, सगळं ठाऊक असलेली जो, शेजारच्या टेबलावरच्या विनोदाला हसता हसता म्हणाली होती, "नाही रे बाबा. बँकांच्या पत-अहवालात बोजा येतच नाही. घर अडकतं, नाव नाही."

खरं होतं ते. अर्धं खरं. बोजा अहवालात येत नाही, पण त्याची सावली येते. घर अडकलं की कर्ज अडतं, कर्जाच्या भरवशावर घेतलेली उसनवारी थकते, आणि ती थकबाकी अहवालात जाऊन बसते. हे तिला तोंडपाठ होतं. तेवढी दोन वाक्यं बोलायला तिला फुरसत नव्हती.

५

शनिवारी दुपारी आर्विड लेंपीच्या साउनामागे बर्चची लाकडं फोडत होता. जो जवळ येऊन उभी राहिली. त्यानं कुऱ्हाड थांबवली नाही.

"थंडी कमी झाली," तो म्हणाला.

"हवापाणी राहू दे, आर्विड. युहान्नुसच्या दिवशी तू चिमणी बांधत होतास म्हणे. मग माझ्याशी पोल्का कोण नाचलं? तुझं भूत?"

कुऱ्हाड ओंडक्यात रुतली आणि तिथेच राहिली. आर्विडनं टोपी काढली. नव्या चिमणीकडे बघितलं.

"मी त्या बोज्याला कुलूप लावलं नव्हतं, जो," तो म्हणाला. "कुणीही यावं आणि ढकलावं, एवढंच ते दार होतं. वाटलं, लेंपी तारीख वाचेल आणि दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालायला येईल. मग मी सांगेन, वेस्लीला कुठे पाहिलं ते. ती आलीच नाही. दर शनिवारी कॉफी देत राहिली."

"तू आपणहून सांगायचंस!"

"आईला? तिच्या पोराबद्दल?" त्यानं मान हलवली. "कॅसिनोतल्या त्या चुलीचे दगड बसवायला मला पंधरवडा लागला. रोज तो तिथे, त्याच खुर्चीत. एकदा हत्यारांची पेटी घेऊन आला आणि जाताना पेटी नव्हती. मग कळलं, लेंपी घर गहाण टाकतेय. एइनोनं स्वतःच्या हातानं तासलेलं घर. मला बोलता येत नाही गं. मला दगड ठेवता येतो. तो ठेवला."

"आणि तिची पत पार—"

"तू म्हणाली होतीस, नाव अडकत नाही."

त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"अर्धंच म्हणाले होते," जो म्हणाली. "तू विचारत होतास तेव्हा मी दुसरीकडे बघून हसत होते. तिची जी पत गेली ना, तिच्यावर माझ्याही बोटांचे ठसे आहेत."

आर्विडनं कोटाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. बोजा उतरवल्याचा, सही केलेला. "कधीपासून खिशात आहे. सोमवारी नोंदवून टाकतो. खोटी शपथ घेतली म्हणून तुरुंगात टाकलं तर टाकू देत. पण बोजा उतरला, जो, की घर जातं. आता तूच सांग, काय करू?"

जो आयुष्यभर कागदांवरच्या गाठी सोडवत आली होती. ही पहिली गाठ, जी सोडवली तर घर बुडणार होतं आणि ठेवली तर मैत्रीण.

साउनातून लेंपीची हाक आली. "जो! दगड तापलेत!"

६

बायांची पाळी आधी, पुरुषांची मागून, हा इथला रिवाज. जो आणि लेंपी वरच्या फळीवर टॉवेल गुंडाळून बसल्या. बाहेरच्या खोलीत आर्विड भिंतीकडे तोंड करून बाकावर बसला. मधलं दार नेहमीसारखं किलकिलं.

लेंपीनं पाणी सोडलं. वाफ उठली.

"लेंपी," दाराबाहेरून आवाज आला. "ती सही माझीच आहे."

दगड फुसफुसत राहिले.

"तारीख खोटी आहे. मजुरीही खोटी. तुझ्या घरचं जेवलो, मासा खाल्ला, तिथेच फिटलं. मी वेस्लीला पाहिलं होतं. कॅसिनोत. एकदा नाही, रोज. म्हणून वाट अडवली. तुझी पत जाईल हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक मला होतं," जो म्हणाली. "त्यानं विचारलं तेव्हा मी पुरतं सांगितलं नाही. लेंपी, चूक माझी आहे. वाटेल ते बोल मला."

लेंपीनं अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवली, बाहेर काढली, पुन्हा बुडवली. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. घाम होता की काय होतं, तेही कळत नव्हतं.

"युहान्नुसची तारीख मी पहिल्याच दिवशी वाचली होती," ती म्हणाली. "तुझी सही मी शाळेपासून ओळखते, आर्विड. तू 'न' उलटा काढायचास."

जो सरळ बसली. "मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"वेस्लीनं पाठवलं म्हणून. त्यानं सांगितलं की मी जाते, तशीच आले." तिचा आवाज बारीक झाला. "दुकानात इंजिनं नाहीत, हेही मला ठाऊक आहे. त्याच्या कमरेची ती दोरी मी दर रविवारी जेवणाच्या टेबलावर बघते. बोजा कळला त्या दिवशी मी काय केलं, सांगू? बँकेतून घरी आले आणि महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोपले. वाटलं, बरं झालं, आता मला बोलायला नको. तो कागदच माझ्याऐवजी बोलेल. तुझी बदनामी होत होती, आर्विड. डेल बिचारा चोर ठरला. आणि मी तुला कॉफी ओतत होते."

बाहेर बाक करकरला. वाफ हळूहळू खाली बसली, आणि नव्या चिमणीत वारा घुमल्याचा आवाज आला, अगदी एइनो म्हाताऱ्याच्या गुणगुणण्यासारखा.

मग अंगणात ट्रक थांबला. बुटांखाली बर्फ चुरचुरला.

"आई! आत आहेस का?" वेस्लीचा आवाज, गोड, घाईचा. "जो मावशीची गाडी दिसली. काय म्हणाली ती? निघतोय का बोजा?"

लेंपी फळीवरून उतरली. किलकिल्या दाराच्या फटीशी गेली. हात दाराच्या लाकडावर ठेवला.

"निघतोय. सोमवारी."

"देवच पावला! मग सोमवारीच बँकेत जाऊ. मी सकाळी न्यायला—"

"नाही."

"मंगळवारी?"

"नाही, वेस्ली." तिनं हात लाकडावरून काढला नाही. "दार उघडं आहे. ये, वाफ घे, कॉफी पी. तो जुगार सोडवायला कुणाकडे जायला लागलं, दारू सोडवायला डॉक्टरकडे जातात तसं, तर मी तुझ्याबरोबर येते. पण घरावर कर्ज काढणार नाही. मी तुला कधी म्हटलं नव्हतं ना, बाळा? आज म्हणते. नाही."